चाल बँडची, शब्द गर्दीचे

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सच्या सॅनफर्ड स्टेडियममध्ये फुटबॉल सामन्याआधी एक वेळ अशी येते, की नव्वद हजारांहून जास्त माणसं एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवून उभी असतात. वरच्या मजल्यावर तिथं बँडमधलं एकच पोर ट्रम्पेट घेऊन उभं राहतं आणि एका जुन्या गाण्याचे पहिले सूर अगदी सावकाश वाजवतं. लोक टोप्या काढतात. मग जॉर्जिया विद्यापीठाचा रेडकोट बँड ती चाल उचलतो. त्या लाल डगल्यांच्या रांगांत कुठंतरी माझी लेक क्लॅरिनेट वाजवत असते. दुर्बिणीशिवाय ती मला अजून सापडत नाही.

त्याच चालीवर जॉर्जियाचं फाइट साँग आहे. फाइट साँग म्हणजे कॉलेजचं चढाईचं गाणं. गुण मिळाले की बँड ते वाजवतो आणि सगळं स्टेडियम म्हणतं. शब्द साधे आहेत. ‘ग्लोरी, ग्लोरी टू ओल्ड जॉर्जिया’ ही ओळ तीनदा, आणि चौथ्या ओळीत जॉर्जियाच्या स्पेलिंगची सात अक्षरं एकेक करून. छापील गाण्यात तरी असंच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात जॉर्जिया टेक या अटलांटातल्या विद्यापीठाविरुद्धचा सामना बघायला मी गेले होते, तेव्हा माझ्या आसपास स्पेलिंग म्हणणारं कुणी नव्हतं. चौथी ओळ आली की सगळे एका सुरात ‘अँड टू हेल विथ जॉर्जिया टेक’ म्हणायचे. खड्ड्यात जाऊ दे ते जॉर्जिया टेक!

माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई होत्या. लाल स्वेटर, कानात मोती, मांडीवर सहा-सात वर्षांचा नातू. चर्चमध्ये प्रार्थना म्हणावी तितक्या स्वच्छ उच्चारात त्या ती ओळ म्हणत होत्या आणि नातूही म्हणत होता. माझ्या गळ्यात टेकचा पांढरा-सोनेरी मफलर. मी १९९६ मध्ये पुण्याहून टेकमध्येच एमएस करायला आले होते. बाईंनी मफलर बघितला आणि उकडलेल्या शेंगांची पिशवी माझ्यापुढे धरली. “माझा भाऊ टेकचा,” त्या म्हणाल्या. “त्यालाही मी हेच ऐकवते.”

हे असले घुसडलेले शब्द बंद करा, अशी मागणी दर हंगामात कुठल्या ना कुठल्या कॅम्पसवर होते. स्टेडियममध्ये लहान मुलं असतात, टीव्हीवर देश बघत असतो, विद्यापीठाचं नाव खराब होतं, हे मुद्दे पोकळ नाहीत. त्या नातवाच्या तोंडी ‘हेल’ ऐकून मीही क्षणभर चपापले. टेक काय नि जॉर्जिया काय, तिथं ‘हेल’वरच भागतं. काही विद्यापीठांत जे ओरडलं जातं ते मी इथं लिहूही शकणार नाही. तरीही बँडचं तोंड बंद करून किंवा फर्मान काढून हे शब्द मोडून काढावेत, हे मला मान्य नाही. फाइट साँग जिवंत राहतं ते लोकांनी घुसडलेल्या शब्दांमुळे. विद्यापीठानं हात घालायचाच असेल, तर शब्द सभ्य की असभ्य हा निकष पुरत नाही. तो कुणाला लागतो आणि ज्याला लागतो त्याला उलटून ओरडता येतं का, हे बघावं लागतं.

टेकचंच उदाहरण घ्या. तिथलं फाइट साँग ‘रॅम्बलिंग रेक’ एका जुन्या पिण्याच्या गाण्याच्या चालीवर पोरांनी रचलेलं. १९०८ मध्ये कॉलेजच्या वार्षिक अंकात ते छापलं, तेव्हा ‘हेल’सारखे शब्द छापायला फार कडक म्हणून त्या जागी नुसत्या रेघा मारल्या होत्या. आज ते अधिकृत गाणं आहे. मला मुलगा असता, तर बापासारखंच ‘टू हेल विथ जॉर्जिया’ ओरडला असता, ही ओळ त्यात आहे आणि मला ती आल्याआल्या शिकवली गेली. म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आत दोन विद्यापीठं एकमेकांना तेच तीन शब्द सुनावतात. एकाच्या गाण्यात ते छापलेले आहेत, दुसऱ्याच्या गाण्यात लोकांनी घुसडलेले. अटलांटातला शब्द परंपरा आणि अथेन्समधला तोच शब्द असभ्यपणा, असं कसं म्हणायचं?

या दोघांची पहिली फुटबॉल लढत १८९३ मध्ये अथेन्सलाच झाली. टेकनं ती २८-६ अशी जिंकली आणि यजमानांच्या गर्दीनं पाहुण्यांवर दगड मारले. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो. ज्या गर्दीच्या हातात तेव्हा दगड होते, तिच्या पणतवंडांच्या तोंडात आज एक ओळ आहे, आणि ती म्हणून झाल्यावर शेंगा पुढे येतात. आपल्याकडे कोकणात शिमग्याला बोंब मारायची मुभा असते ती काही उगाच नाही. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणून घसा फोडून ओरडलेली माणसं हे चटकन ओळखतील. समोरच्या कॉलेजवर ओरडायचं, त्यांचं ओरडणं झेलायचं आणि बाहेर येऊन एकाच टपरीवर चहा प्यायचा. अट एकच, की समोरच्यालाही आवाज असला पाहिजे. टेकचा बँड आहे, गाणं आहे, त्यांच्या वाट्याचा कोपरा आहे. सात अक्षरांच्या जागी त्यांना शिवी बसली, तर दोन मिनिटांत त्यांची शिवी परत येते.

जॉर्जियाच्या त्या चालीचा प्रवासही असाच आहे. मूळ ती धार्मिक मेळाव्यातल्या भजनाची चाल. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेत गुलामगिरीवरून यादवी पेटली, तेव्हा उत्तरेच्या शिपायांनी तिच्यावर ‘जॉन ब्राउन’चे शब्द बसवले. गुलामगिरीविरुद्ध हत्यार उचलून फाशी गेलेला तो जॉन ब्राउन. शब्द ओबडधोबड होते. म्हणून ज्युलिया वॉर्ड हाउ या कवयित्रीला कुणीतरी सुचवलं, की या चालीला बरे शब्द दे. तिनं लिहिलेलं ‘बॅटल हिम’ १८६२ मध्ये छापून आलं आणि अमेरिकेचं जणू दुसरं राष्ट्रगीत झालं. १८६४ मध्ये उत्तरेचा जनरल शर्मन जळतं अटलांटा मागे टाकून निघाला, तेव्हा एका बँडनं हीच चाल धरली आणि शिपायांनी ‘ग्लोरी, ग्लोरी’ असा काही सूर लावला, की तसा जोश पुन्हा ऐकला नाही, असं त्यानं आठवणींत लिहून ठेवलंय. ज्या राज्याची राख करताना ती चाल म्हटली गेली, त्याच राज्याचं विद्यापीठ आज तिच्यावर ‘ओल्ड जॉर्जिया’चे शब्द लावून नाचतं. चाल कुणाच्या मालकीची राहत नाही. तिच्यावर शेवटचा शब्द कुणी बसवला, ते लोक बघतात.

म्हणूनच मिसिसिपी विद्यापीठातली गोष्ट वेगळी, आणि तिथं मी फर्मान काढणाऱ्यांच्या बाजूनं आहे. त्यांचा बँड दक्षिणेचं ‘डिक्सी’ आणि उत्तरेचं ‘बॅटल हिम’ एकत्र गुंफून वाजवायचा. दोन्हीकडच्या जखमा एका रचनेत बांधायचा तो प्रयत्न होता. शेवटची ओळ ‘हिज ट्रुथ इज मार्चिंग ऑन’. विद्यार्थ्यांच्या गर्दीनं त्या जागी ‘द साउथ विल राइज अगेन’ घातलं. दक्षिण पुन्हा उठेल. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला आत घेताना ज्या आवारात दंगल होऊन दोन माणसं मेली, तिथल्या स्टेडियममध्ये हे शब्द. त्यात एकही शिवी नाही. टीव्हीच्या माणसाला ‘बीप’ वाजवायची गरज पडली नसती. विद्यार्थी प्रतिनिधींनी सुचवलं, की त्या जागी ‘टू हेल विथ एलएसयू’ म्हणा. एलएसयू म्हणजे शेजारच्या लुइझियानाचं विद्यापीठ, कट्टर प्रतिस्पर्धी. मला ती सूचना फार शहाणपणाची वाटते. गर्दीचा शब्द काढून गर्दीचाच दुसरा शब्द द्यायचा, आणि तो आपल्याच बाकावर शेजारी बसलेल्या मुलाऐवजी समोरच्या संघावर फेकायचा. गर्दीनं ऐकलं नाही. २००९ च्या नोव्हेंबरात चॅन्सेलर डॅन जोन्स यांनी ती रचना वाजवणंच बंद केलं. मग क्लू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेची डझनभर माणसं झगे घालून आवारात निषेधाला आली, आणि शेकडो विद्यार्थी त्यांच्यासमोर विद्यापीठाचा आचारधर्म मोठ्यानं म्हणत उभे राहिले. कोण कुणाच्या बाजूनं आलं ते बघितलं, की ती ओळ कशाबद्दल होती हे वेगळं सांगावं लागत नाही.

तिथं बसलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यानं उलटून काय ओरडायचं? त्याला वेगळा बँड नाही, वेगळा कोपरा नाही. रंग तोच, तिकीट तेच. त्याच्याच गाण्यातून त्याला बाहेर काढलं जातंय.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. लेक लहान असताना आम्ही एका दुसऱ्या विद्यापीठाच्या सामन्याला गेलो होतो. पाहुण्या बँडमध्ये एक पगडीवाला मुलगा ड्रम वाजवत होता. आमच्या मागच्या रांगेतल्या चार-पाच पोरांनी यजमानांच्या फाइट साँगच्या चालीत त्याच्या पगडीवर आणि विमानतळावर शब्द बसवले. चाल नेमकी, यमक नेमकं. त्याला ते ऐकू गेलं का, माहीत नाही. त्याची काठी चुकली नाही. लेकीनं विचारलं, “आई, ते त्याला काय म्हणतायत?” मी तिला शेंगा सोलून देत राहिले. मागं वळून एक शब्द बोलले नाही, ते मला आजही टोचतं. त्या दिवशी गाण्यात अधिकृत एक शिवी होती. ती माझ्या लेकीला लागली नाही, कुणालाच लागली नाही.

शिवी आणि दुखापत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यापीठांच्या नियमांत सहसा दिसत नाही. कारण शिवी मोजता येते. शब्दांची यादी करता येते. दुखापत मोजायला स्टेडियममध्ये जाऊन बसावं लागतं.

शिवाय कायद्याची अडचण आहे. जॉर्जिया, टेक, मिसिसिपी ही सगळी सरकारी विद्यापीठं. सरकारी संस्थेला बोलणाऱ्याचं तोंड दाबता येत नाही, ही अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाच्या आवारात एक तरुण सक्तीच्या लष्करभरतीला शिवी लिहिलेलं जाकीट घालून आला, त्याला शिक्षा झाली आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. निकाल लिहिताना न्यायमूर्ती हार्लन म्हणाले, की एकाला जो असभ्यपणा वाटतो ते दुसऱ्याचं गीत असतं. गीत हाच शब्द त्यांनी वापरला. आता सरकारी विद्यापीठाच्या हातात उरतो तो फक्त बँड, कारण बँड त्यांचा. म्हणून गर्दी वाह्यात झाली की शिक्षा बँडला होते. लुइझियानात हेच झालं. गर्दी एका जुन्या गाण्यावर घाण शब्द म्हणायची, तर ते वाजवणंच बँडला बंद करायला लावलं. तासन्‌तास उन्हात सराव करणाऱ्या पोरांनी एक शब्द उच्चारलेला नसतो. माझ्या लेकीचे ओठ तर क्लॅरिनेटवर असतात!

मग करायचं काय? याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर चाळीसेक वर्षांपूर्वीचं आहे. ड्यूक विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. कॅरोलायनाचं गाणं संपतं तिथं गर्दी ‘गो टू हेल, ड्यूक’ जोडते आणि ड्यूकची पोरं तेच परत करतात. पण १९८४ च्या जानेवारीत मेरिलँडविरुद्धच्या बास्केटबॉल सामन्यात ड्यूकच्या पोरांनी पाहुण्या खेळाडूंवर जे केलं, ते फारच खालच्या थराचं होतं. अध्यक्ष होते टेरी सॅनफर्ड, राज्याचे माजी गव्हर्नर. खासगी विद्यापीठ, म्हणजे मनात आणलं असतं तर हाकलताही आलं असतं. त्यांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं आणि खाली सही केली ‘अंकल टेरी’. सांगणं थोडक्यात असं: टोमणे मारा, पण ऐटीत मारा. घाणेरडं बोलायला अक्कल लागत नाही. तुमच्यावर नियम लादणं हे माझं काम नाही, तुमच्यातल्या ज्यांच्यामुळे सगळ्यांची लाज जाते त्यांना तुम्हीच आवरा. आपण मूर्ख आहोत असा लौकिक व्हावा, हे मला नको आहे.

त्याच आठवड्यात कॅरोलायनाचा संघ ड्यूकला आला. पोरं डोक्यावर तारेची प्रभावळ लावून देवदूतांसारखी बसली होती. पंचांचा निर्णय विरुद्ध गेला, की एरवी जिथं गलिच्छ शिवी यायची, तिथं हजारो घशांतून एकच ओळ आली, ‘वी बेग टू डिफर’. क्षमस्व, आमचं मत वेगळं आहे. त्या पत्रात बंदी नव्हती, आव्हान होतं. शिवीपेक्षा चांगलं काही सुचतं का बघा, असं त्यांनी पोरांना म्हटलं, आणि पोरांना सुचलं. गर्दीतून पुन्हा घाण आली का? आलीच. पण त्या दिवसाची ती ओळ आजही सांगितली जाते, आणि शंभर नियमावल्यांपैकी एकही कुणाच्या लक्षात नाही.

अधिकृत शब्दांबद्दलही बोलायला हवं, कारण सगळा कटाक्ष घुसडलेल्या शब्दांवरच असतो. टेक्सास विद्यापीठाचं ‘द आइज ऑफ टेक्सास’ १९०३ मधलं. शब्दांत गैर काही नाही. पण ते पहिल्यांदा गाइलं गेलं ते गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवण्याच्या तेव्हाच्या प्रकारच्या कार्यक्रमात. २०२० मध्ये खेळाडूंनी ते बदला म्हटलं. त्या हंगामात एका सामन्याला तर ते वाजवायला पुरेशी पोरं तयार नाहीत म्हणून बँड मैदानावर नव्हताच. विद्यापीठानं चौकशी केली, हेतू वंशद्वेषी नव्हता असा अहवाल दिला आणि गाणं ठेवलं. मला तो निर्णय पटलेला नाही. हेतू १९०३ च्या माणसाचा होता. गायचं आहे आजच्या मुलांना.

आणि माझी स्वतःची ओळ. ‘रॅम्बलिंग रेक’मध्ये मुलगा यायच्या आधी मुलगी येते. मला मुलगी असती, तर तिला पांढऱ्या-सोनेरी कपड्यांत नटवून कॅम्पसवर ठेवली असती, ‘टू चिअर द ब्रेव्ह अँड बोल्ड’. शूर-धाडसी मुलांसाठी टाळ्या पिटायला. टेकनं मुलींना १९५२ मध्ये घेतलं. मी गेले तेव्हा त्याला चाळीसवर वर्षं उलटली होती आणि आमच्या वर्गात आम्ही तिघी होतो. पहिल्याच सामन्यात ही ओळ आली आणि आमच्यातल्या एकीनं ‘चिअर’च्या जागी ‘बी’ म्हटलं. टू बी द ब्रेव्ह अँड बोल्ड. मात्रा चपखल बसली. दुसऱ्या सामन्याला आम्ही तिघीही तसंच म्हणत होतो. आम्ही कुणाला विचारलं नाही. पुढे त्या शब्दावरून विद्यापीठातही वाद झाला. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा ओवीची चाल गावभर एकच होती. तिच्यावर सासूचं गाऱ्हाणं बसवायचं का भावाचं कौतुक, हे जिचं तिनं ठरवायचं. बायकांना गाण्यात जागा मिळते ती अशी, आधी आपली आपण करून घ्यावी लागते.

रटगर्स विद्यापीठाच्या गीतात १८७३ पासून ‘वडिलांनी मला मर्द व्हायला रटगर्सला धाडलं’ अशा अर्थाची ओळ होती. ती २०१३ मध्ये बदलली. नोत्र दामच्या विजयगीतातल्या ‘सुपुत्रां’शेजारी कन्या आल्या त्या मुलींच्या प्रवेशाला पन्नास वर्षं झाल्यावर. समितीला जे करायला अर्धं शतक लागतं, ते बाकावरच्या मुलीला एका सामन्यात जमतं. घुसडलेले शब्द बंद करा म्हणणाऱ्यांनी हाही शब्द डोळ्यांपुढे ठेवावा. नियमाच्या भाषेत ‘अँड टू हेल विथ टेक’ आणि ‘टू बी’ यांत फरक नाही, दोन्ही छापील शब्द सोडून म्हटलेले.

२०२४ चा तो सामना बरोबरी सुटेना म्हणून आठ ओव्हरटाइम चालला. थंडीनं बोटं बधिर झाली होती. जॉर्जियानं ४४-४२ असा जिंकला तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती आणि चौथी ओळ किती वेळा म्हटली गेली याचा हिशोब राहिला नव्हता. पाहुण्यांच्या कोपऱ्यात टेकचा बँड हरल्यावरही वाजवत होता. मी उभी राहून म्हणायला लागले. मुलीची ओळ आली तेव्हा शेजारच्या बाई झोपलेल्या नातवाला खांद्यावर टाकून निघाल्याच होत्या.

“शब्द चुकला तुझा,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ वेगळं म्हणतो.”

“चुकला नाही,” मी म्हणाले. समोर लाल डगल्यांच्या रांगा मोडायला लागल्या होत्या, आणि मी पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली.